हाय का कोण घरात?

काकांनी मला पहिल्या भेटीत नाव विचारलं नाही, शिक्षण विचारलं नाही. ते म्हणाले, "दार ओढून घे."

मी नोकरी मागायला गेले होते आणि ते दार होतं पोल्ट्रीच्या शेडचं. लोखंडी चौकट, तिच्यावर कोंबड्यांची जाळी, तीही खालच्या कोपऱ्यात चांगली ढोपरभर फाटलेली. शेडच्या चारी बाजूंना भिंत म्हणून तीच जाळी. वारा, धूळ, शेजारच्या उसातले डास, सगळं आरपार येत-जात होतं. तरी मी ते दार ओढलं. ते कुरकुरलं, एका बिजागरीवर लटकलं आणि कसंबसं चौकटीला टेकलं. "आता बस," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की जणू किल्ल्याचा दरवाजा लागला.

पिंपळवंडीच्या बाहेर, उसाच्या कडेला हे आमचं ऑफिस. कोंबड्या कधीच गेल्या होत्या, वास मात्र जायला तयार नव्हता. दमट हवा पडली की तो असा उसळायचा की गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावूनच बोलायचं. पाण्याची भांडी टांगायच्या हुकांवरून काकांनी नेटवर्कच्या पिवळ्या वायरी नेल्या होत्या. वायफाय नाही. काका मूळचे खोडदचे. आकाशातल्या रेडिओ लहरी ऐकणाऱ्या दुर्बिणीच्या त्या प्रचंड थाळ्यांच्या सावलीत अर्धं आयुष्य काढलेले, त्यामुळे हवेतून काही पाठवायचं म्हणजे सगळ्या जगाला ऐकवणं, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खिशात बटणांचा फोन. "जे यंत्र लांबून उघडतं ना, ते आपलं नसतं," हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि दुसऱ्यांची यंत्रं लांबून उघडणं हा त्यांचा धंदा.

लोक त्याला हॅकिंग म्हणायचे. काकांना तो शब्द ऐकला की ठसका लागायचा. ते म्हणायचे, "तपासणी." म्हणजे असं, की एखाद्या डेअरीचं, पतसंस्थेचं, कोल्ड स्टोरेजचं नेटवर्क असतं. मालक आम्हाला सांगणार, घुसून दाखवा. आम्ही घुसणार, कुठून घुसलो ते सांगणार, ते भोक बुजवणार. माझ्या आईला हे कधी पटलं नाही. आळे गावात आमच्या घरी स्थळं यायची, पावणे विचारायचे, मुलगी काय करते? आई म्हणायची, "कॉम्प्युटरचे क्लास घेते." मी एकदा मध्येच म्हणाले, "लोकांच्या घरात शिरते, पण विचारून." ते स्थळ परत आलं नाही. आईनं दोन दिवस अबोला धरला, आणि मला वाटलं, सुटले बाई.

विचारून, यावर काका अडून बसायचे. मालकाची सही घ्यायचेच, पण त्यांना तेवढं पुरायचं नाही. मालकानं तोंडानं "या" म्हणायला पाहिजे. मंचरच्या बाजूच्या एका पतसंस्थेत मॅनेजरनं सही ठोकली आणि फोनवर बोलायला लागला. काका उंबऱ्याबाहेर उभे. टेबलावर आमचा चहा गार झाला, त्यावर साय धरली, काका तिथंच. शेवटी मॅनेजर वैतागला, "अहो या की राव आत! काय लग्नातल्या जावयासारखं करताय!" काकांनी लगेच चप्पल काढली. मला म्हणाले, "ऐकलंस? 'या' म्हणला. आता आपण चोर न्हाई."

आमच्या कामातली खरी गोष्ट म्हणजे शेल. शेल म्हणजे समोरच्याच्या कॉम्प्युटरची ती काळी खिडकी आपल्या स्क्रीनवर उघडायची. आपण इथं टाइप करायचं, तिकडचं यंत्र गुमान ऐकणार. काका गिऱ्हाइकाला सांगायचे, "बैल तुमच्या गोठ्यात, वेसण माझ्या हातात." त्यांची आवडती रीत उलटी होती. आपण दार ठोठवायचं नाही, आतल्या यंत्रालाच आपल्याला हाक मारायला लावायची. "आत येणाऱ्याला सगळे अडवत्यात. घरातनं बाहेर निघालेल्याला कोण इचारतं?" आतून हाक येईपर्यंत ते स्क्रीनपुढं मांडी घालून बसायचे, हो, खुर्चीवर मांडी. तेवढा वेळ मी बोलायचं नाही, शेंगदाणे खायचे नाहीत, पंखासुद्धा बंद. मी घामानं निथळतेय आणि हे त्या काळ्या खिडकीकडं कान लावून बसलेत. कान! मी एकदा म्हटलं, "काका, ते लेखी येतं, आवाज नाही येत." त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

आणि शेल मिळाला की ते मान पुढं काढून, खणखणीत आवाजात स्क्रीनला विचारायचे, "हाय का कोण घरात?"

दरवेळी. गावाकडं परक्याच्या अंगणात पाऊल टाकताना जशी हाक देतात, तशी. पलीकडं डेअरीचा एक मुका कॉम्प्युटर, तो काय बोलणार? पण काका क्षणभर थांबायचे. मग आम्ही आत गेल्याचा पुरावा म्हणून एक फाइल ठेवायचे. बाकीचे लोक तिथं मोठमोठ्या फुशारक्या मारतात, कवट्या काढतात. काकांच्या फाइलमध्ये एवढंच असायचं: "येऊन गेलो. घरात कोणी नव्हतं. चहा राहिला." आणि खरंच, काम संपून भोक बुजेपर्यंत गिऱ्हाइकाच्या घरचा चहा ते पीत नसत. मी प्यायचे. दोघांच्या वाटचा.

आमच्या भागात भोकं शोधायला फार हुशारी लागत नाही, हे मी आता सांगून टाकते. काका ऑफिसातल्या कुणालाही सहज विचारायचे, "तुमच्याकडं यात्रा कुणाची असती?" खंडोबाची, मुक्ताबाईची, मळगंगेची. तेच नाव, पुढं एक-दोन-तीन. झाला पासवर्ड. काका डोक्याला हात लावायचे. "अरे, देवाला कशाला पहाऱ्याला बसवता? त्याला दुसरी कामं न्हाईत का?"

संध्याकाळी ते चालत घरी जायचे. भाड्याची खोली पलीकडच्या वस्तीवर, मधला रस्ता दोन्हीकडून उसाचा. ऊस आला म्हणजे बिबट्या आला, हे आमच्याकडं पोरांनासुद्धा शिकवावं लागत नाही. एकट्यानं जाताना आवाज करत जायचं, म्हणून बाकीचे मोबाइलवर गाणी लावतात. काका काठी आपटत, मोठमोठ्यानं पाढे म्हणत जायचे. एकोणतीसचा पाढा ऐकून एखादा बिबट्या आयुष्यभराची हाय खाऊन गेला असणार.

त्याच रस्त्यावर एका शेठचं कोल्ड स्टोरेज होतं. द्राक्षं ठेवायचं. शेठ म्हणजे आवाजी माणूस. फोन कायम स्पीकरवर, म्हणजे त्यांचे व्यवहार अर्ध्या रस्त्याला पाठ. कुठंतरी कुणाचे कॉम्प्युटर चोरांनी बंद पाडले असं त्यांनी ऐकलं आणि आम्हाला बोलावलं. पुढं होऊन म्हणाले, "या या या!" तीनदा. काका खूश.

शेडमध्येच आम्ही बसलो आणि मी पंखा बंद करेपर्यंत आत होतो. गेटवरच्या कॅमेऱ्याचा रेकॉर्डर इंटरनेटवर उघडा, पासवर्ड यात्रेचा. रेकॉर्डर ज्या वायरीवर, त्याच वायरीवर ऑफिसचा कॉम्प्युटर, त्यालाही तोच पासवर्ड, आणि त्या कॉम्प्युटरवरून द्राक्षांच्या खोल्यांचं तापमान चालायचं. मनात आणलं असतं तर पिंपळवंडीत बसून आम्ही शेठच्या सगळ्या द्राक्षांचा मनुका केला असता.

"हाय का कोण घरात?" काका म्हणाले. स्क्रीनकडं बोट दाखवून म्हणाले, "अगं, घर भरलंय की."

गेटचा तो कॅमेरा बाहेरून कितीतरी जण फोनवर बघत होते. आत्ता, त्या घडीला. काकांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, चोर आमच्या आधीच येऊन बसलेत. पण चोरांना द्राक्षांचं पडलेलंच नव्हतं. सगळे फक्त गेटचा कॅमेरा बघत होते, आणि त्या कॅमेऱ्यात काय दिसतं? रस्ता. दोन्हीकडं ऊस आणि मधे रस्ता.

आम्ही कोल्ड स्टोरेजवर गेलो. तिथं मशीन बघायला सुमन होती. माझ्याहून थोडी मोठी, बोलायला मोकळी, बर्फाच्या खोलीत जायचं म्हणून साडीवर नवऱ्याचं स्वेटर. काकांनी विचारलं तसं ती पांढरी पडली, पण खोटं बोलली नाही. "बिबट्या बघत्यात, काका. पोरं क्लासवरनं याच रस्त्यानं येत्यात. मागं आमच्या शेजारणीची शेळी दिवसाढवळ्या नेली. बाहेर पडायच्या आधी बाया रस्ता बघून घेत्यात, मोकळा असला तर निघायचं. मीच दिला पासवर्ड."

"शेठला माहीत आहे?" मी विचारलं.

"गावानं मागितला व्हता. शेठ म्हणले, माझा कॅमेरा काय गावाला शिनेमा दाखवायला न्हाई लावला."

"पयल्यांदा कुणाला दिलास?" काकांनी विचारलं.

"ते नका विचारू. शपथ घातलीय मला." आणि मग तिचा आवाज फुटला. "काका, शेठला कळलं तर मला उद्या घरी बसवतील. आमचं सगळं या नोकरीवर चाललंय, त्यांच्या कमरेला पट्टा लागल्यापासून." ते म्हणजे तिचा नवरा. मला फार वाईट वाटलं. मी काकांकडं बघितलं, की आता काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "रिपोर्टमधे खोटं लिहिता येत न्हाई मला," आणि चप्पल घालून निघाले. त्या दिवशी मला काकांचा इतका राग आला की परत येताना गाडी मी मुद्दाम प्रत्येक खड्ड्यातून घातली, आणि त्यांनी ते ओळखलं की नाही, देव जाणे.

आमचे रिपोर्ट कायम सकाळी, मालकाचं डोकं थंड असतं म्हणून. या वेळी काकांनी शेठला दिवेलागणीची वेळ दिली. "सकाळी काम हाय," म्हणाले. सकाळी ते शेडमध्ये बसून बिजागरीला तेल घालत होते. मी विचारलं, कसलं काम? "हेच की," म्हणाले. दाराचा आवाज गेला. कोपरा तसाच फाटका.

शेठनी रिपोर्ट ऐकला आणि पेटले. "माझ्या मालाचं दार गावाला उघडं? कुणी दिला पासवर्ड? नाव सांगा, आत्ता हिशेब करून घरी पाठवतो!"

सुमन चहा घेऊन दारातच उभी राहिली.

"भोक कुठं हाय ते सांगणं माझं काम," काका म्हणाले. "नावं काढणं न्हाई."

"मग पुण्याची कंपनी बोलावतो. ती नाव पण काढंल आणि तारीख पण."

"काढंल की. आधी भोक बुजवू का?"

"विचारता काय? बुजवा, आत्ताच्या आत्ता!"

"बुजव गं," काका मला म्हणाले. मी दात-ओठ खात पासवर्ड बदलला, बाहेरची वाट बंद केली. आणि काकांनी सुमनच्या ट्रेमधून कप उचलला, बशीत ओतला आणि फुंकर मारून प्यायला लागले. काम संपलं ना. मला तो कप त्यांच्या डोक्यावर ओतावासा वाटला.

बशी रिकामी व्हायच्या आत शेठचा फोन वाजला. स्पीकरवर, अर्थात.

"अवो, रस्ता दिसंना झालाय. कॅमेऱ्याला काय झालं?" शेठच्या मालकीणबाई.

शेठ गोंधळले. "तुला कसा दिसतो रस्ता?"

"कसा म्हंजे? रोजच बघते मी. तुमची गाडी गेटातनं वळली की मगच तवा ठेवते. न्हाईतर भाकरी गार झाली म्हणून तुमीच वरडता."

"पासवर्ड कुणी दिला तुला?"

"मीच घेतला सुमनकडनं. बोलू नको म्हणून शपथ घातली तिला. आणि बाकीच्या बायांना मीच दिला. तुमी न्हाई म्हणला व्हता ना गावाला? म्हणून मी इचारलंच न्हाई. आता पोरं सुटायची येळ झालीया, ते आधी चालू करा, मग काय भांडायचं ते घरी येऊन भांडा."

फोन ठेवला, तर लगेच दुसरा. कुणाची तरी सून. मग तिसरा. मी माझ्या लॅपटॉपमध्ये तोंड घातलं, कारण हसू आवरेना. काका बशीचा तळ बघत होते. शेठनी फोन टेबलावर उपडा ठेवला, रुमालानं मान पुसली. मग कप उचलून एक घोट घेतला.

"सुमन," ते म्हणाले, "साखर कमी टाकतेस तू हल्ली. उद्यापासनं नीट टाकत जा."

उद्यापासनं! सुमननं ट्रे खाली ठेवला आणि ती तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. काका म्हणाले, "कॅमेऱ्याला निराळी वायर टाकतो. माल एकीकडं, रस्ता एकीकडं. मालाला कुलूप घालू. रस्ता काय तुमचा न्हाई ना, शेठ?"

"टाका बाबा, टाका," शेठ म्हणाले.

येताना मी गाडीवर विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना?"

"काय?"

"काय म्हणजे! संध्याकाळची वेळ!"

"सकाळी काम व्हतं मला," काका म्हणाले. आणि सत्तावीसचा पाढा म्हणायला लागले, माझ्या कानाशी.

त्यानंतर त्यांना एक नवीनच खूळ लागलं. रोज घरी जाताना त्या कॅमेऱ्याखाली थांबायचे, काठी वर करायचे, मान मागं टाकून हाक मारायचे. कॅमेऱ्याला आवाज नव्हता, नुसतं चित्र. पण घरोघरी सगळ्यांना माहीत की काका काय म्हणतायत. "हाय का कोण घरात?" लहान पोरं फोनपुढं ओरडायची, "हाय! हाय!" सुमन म्हणायची, काका गेले की मी भात लावते, आता घड्याळ कशाला पाहिजे? काकांना यातलं काही दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. तरी ते क्षणभर थांबायचेच, उत्तर आल्यासारखं, आणि मग पुढं पाढे.

एका संध्याकाळी ते आलेच नाहीत. मी त्या दिवशी आळ्याला चुलत बहिणीच्या साखरपुड्याला होते. कॅमेऱ्यात रस्ता मोकळा, बिबट्या नाही, काका पण नाहीत. सुमननं थोडा वेळ वाट बघितली. मग भात तसाच टाकून तिनं नवऱ्याला उठवलं, त्यानं पट्टा आवळला, आणखी दोघं-तिघं काठ्या घेऊन निघाले. शेडचं दार आतून तारेनं बांधलेलं. काका टेबलाखाली पडलेले, उजवी बाजू गेलेली, शुद्ध होती पण जीभ वळत नव्हती. सुमनचा नवरा जाळीच्या त्या फाटक्या कोपऱ्यातून सरपटत आत शिरला, कमरेच्या पट्ट्यासकट. अख्ख्या तालुक्याची भोकं बुजवणाऱ्या माणसानं आपलं एवढं भोक कधी बुजवलं नव्हतं, देवाची कृपा. शेठनी स्वतः पिकअप चालवत नारायणगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं.

काका वाचले. मुलीनं त्यांना पुण्याला नेलं, अकराव्या मजल्यावर. तिथं दारं आपोआप लागतात, बघायला लागत नाही, असं ती मला म्हणाली. मी मनात म्हटलं, मेला हा माणूस तिथं.

शेड आता मी चालवते. वास तसाच आहे. गिऱ्हाइकानं "या" म्हटल्याशिवाय मी आत जात नाही, लोक मलाही वेडी म्हणतात. परवा संध्याकाळी घाईत निघाले. कोल्ड स्टोरेजपाशी आल्यावर का कुणास ठाऊक, गाडी थांबवली. आजूबाजूला कुणी नाही, नुसता ऊस. लाज वाटत होती, पण काकांची फार आठवण आली. मी कॅमेऱ्याकडं तोंड केलं आणि ओरडले, "हाय का कोण घरात?"

उत्तर कसलं येतंय? मी किक मारणार, तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.

"हाय," पलीकडून आवाज आला. जड, वाकडा, एकेक अक्षर ओढून आणल्यासारखा. मागून मुलीचं हसणं. "सुमननं... दिला पासवर्ड. पोरीनं फोन... घेऊन दिलाय."

डोळे पुसत मी कॅमेऱ्याकडं नुसता हात हलवला.

"बरं, ते ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "दार... ओढून घेतलंस का?"

"घेतलं की," मी म्हटलं, आणि गाडी परत शेडकडं वळवली.